खेळ हरवले, की हिरावले?

मे महिन्याची सुटी जवळ आली की आपल्या मराठी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांना एक ठरावीक उमाळा येतो. धुरकट रंगात छापलेले एक जुने छायाचित्र, त्यात हाफ चड्डीतली चार मुले, आणि खाली कुणा निवृत्त गृहस्थांचा लेख. 'आमच्या वेळी' या दोन शब्दांनी लेखाचा प्रारंभ होतो. पुढे विटी-दांडू, लगोरी, गोट्या, भोवरा, सूरपारंब्या, आट्यापाट्या, सागरगोटे ही नामावळी येते आणि अखेरीस आरोपींना पिंजऱ्यात उभे केले जाते. पहिला आरोपी मोबाईल, दुसरा आरोपी आजची आळशी मुले, आणि लेखक विशेष संस्कृतिरक्षक असेल तर तिसरी आरोपी नोकरी करणारी आई. निकाल लागतो, लेखक डोळे पुसतो, वाचक पुरवणीची घडी घालतो. अलीकडे हीच कैफियत लाखो लोकांच्या मोबाईलवर फिरत असते. ज्या यंत्राने मुलांचे बालपण नासवले म्हणून शोक करायचा, तो शोक त्याच यंत्रावरून, यातील विसंगतीही कोणाला खटकत नाही.

या लेखनाविरुद्ध मला तक्रार नोंदवायची आहे. आठवणी काढू नयेत असे मी म्हणत नाही. मीही लालबाग-परळच्या एका चाळीत वाढलो, माझ्याही गुडघ्यावर लगोरीने दिलेला व्रण आहे आणि भोवऱ्याला जाळी गुंडाळण्याची ती लकब माझी बोटे अजून विसरलेली नाहीत. माझी तक्रार 'हरवले' या क्रियापदाविरुद्ध आहे. वस्तू हरवली असे म्हटले की ती कोणी नेली हे सांगण्याची जबाबदारी उरत नाही. चोरीची फिर्याद होते, हरवल्याची फक्त हळहळ होते. आपल्या स्मरणरंजनकारांनी गेली तीस-चाळीस वर्षे हळहळीचा हा रतीब घातला, आणि फिर्याद मात्र कोणी दाखल केली नाही.

ती दाखल करण्यापूर्वी गेलेला माल कोणता होता हे पाहिले पाहिजे. या खेळांना पैसा लागत नसे हे सर्व लेखक कौतुकाने सांगतात, आणि ते खरे आहे. एका फांदीतून विटी आणि दांडू दोन्ही निघत. लगोरीला सात चपट्या खापऱ्या आणि चिंध्यांचा चेंडू पुरे. सागरगोटे तर काटेरी झुडपाच्या बियाच. आमच्या चाळीत गिरणीतून टाकून दिलेल्या लाकडी बॉबिनांची चाके करून गाडे बनत. भोवरा तेवढा कातारी कातून देई आणि त्याची लोखंडी आर लोहाराकडून बसवून घ्यावी लागे, तेवढा खर्च. परंतु पैसा लागत नसे याचा अर्थ काहीच लागत नसे असा नव्हे. या खेळांना जमीन लागत असे. गल खोदता येईल अशी माती, कोललेली विटी जाऊन पडेल एवढे अंतर, लगोरी फुटल्यावर पळायला चारी दिशा. शिवाय वेळ लागत असे, ज्यावर कोणाचीही मालकी नाही असा वेळ. जमीन आणि वेळ! मजूर चळवळीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळे सांगायला नको की मालकवर्गाचा डोळा नेमका या दोन गोष्टींवर असतो.

आणखी एक गोष्ट या खेळांत होती, तिचा उल्लेख पुरवण्यांत क्वचितच येतो. या खेळांना पंच नसे. 'राज्य' कोणावर हे चकून ठरे, वाद झाला तर भिडूच तो मिटवत, आणि गल्लीगणिक नियम वेगळे असत. मोठ्या माणसाने मध्ये तोंड घातले तर खेळ मोडला असे समजण्यात येई. खूप लहान मुलाला 'लिंबूटिंबू' म्हणून घेत. तो खेळे, पण त्याच्यावर राज्य येत नसे. दुर्बलाला सामावून घेण्याची याहून सुबक तरतूद मला कोणत्याही घटनेत आढळलेली नाही. विटी-दांडू खेळताना आम्ही वकट, लेंड, मूंड, नाल असे मोजत होतो. पुढे एका तेलुगूभाषक कामगार मित्राने ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू अशी उजळणी ऐकवली तेव्हा उलगडा झाला: ओकटी, म्हणजे आमचे वकट, ही त्याच्या भाषेतली मोजणी होती. भाषावार प्रांतरचनेवर मोठी माणसे डोकी फोडत असताना पोरांनी शेजाऱ्याचे आकडे केव्हाच आपले करून टाकले होते.

आता जमिनीकडे वळू. मुंबईचा गिरणगाव म्हणजे दहा बाय दहाच्या खोल्या. त्या खोलीत बिऱ्हाड राहत असे, पाळीवरून आलेली माणसे आळीपाळीने झोपत असत. मुलांना तिथे जागा नव्हती. मुलांची जागा बाहेर होती. चाळीचे पटांगण, दोन चाळींमधली गल्ली, गिरणीच्या भिंतीलगतची मोकळी पट्टी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्याचे काय झाले हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. कामगार देशोधडीला लागला, आणि मग जमिनीचा खेळ सुरू झाला. साधारण सहाशे एकर जमीन, शहराच्या मध्यभागी. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने असे ठरवले होते की गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना तिचे तीन वाटे व्हावेत: एक वाटा शहराला मोकळ्या जागांसाठी, एक वाटा सार्वजनिक घरांसाठी, आणि उरलेला मालकाला. म्हणजे विटीला जाऊन पडायला जागा देण्याचा वायदा कायद्यात लिहिलेला होता, पानावर, आकड्यांसह.

मग २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली. वाटे करायचे ते संपूर्ण जमिनीचे नव्हेत, तर केवळ जी आधीच मोकळी आहे तिचे, असा तिचा मथितार्थ. गिरण्यांच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? बहुतेक जागा शेडनी आणि गोदामांनी व्यापलेली. शहराच्या वाट्याला येणारे एकरच्या एकर या एका दुरुस्तीने गुंठ्यांवर आले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या अर्थाविरुद्ध निर्णय दिला, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि दुरुस्ती कायम राहिली. आज त्या जागांवर मॉल आहेत, काचेचे मनोरे आहेत, आणि मॉलच्या वरच्या मजल्यावर 'गेम झोन' आहे. तिथे कार्ड घासून मिनिटांच्या हिशेबाने बालपण मिळते. ज्या जमिनीवर गिरणी कामगाराचे पोर फुकट खेळले असते, त्याच जमिनीच्या डोक्यावर उभे राहून आता त्याच्या नातवाकडून खेळण्याचे भाडे वसूल केले जाते. या घटनाक्रमात मोबाईल कुठे आला? २००१ साली चाळीतल्या किती पोरांच्या हातात मोबाईल होता?

खेड्यांत वेगळे काय घडले? गायरान, गावठाणाची पडीक जागा, देवळापुढचे पटांगण ही तिथली क्रीडांगणे. त्यांच्यावर कोणाचे कुंपण पडले हे प्रत्येक गावाला ठाऊक असते आणि ग्रामसभेत कोणी बोलत नाही. अखेर जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पंजाबातील एका तळ्याच्या जागेच्या प्रकरणात सर्व राज्यांना आदेश द्यावा लागला की गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या ग्रामपंचायतींना परत करण्याच्या योजना आखा. शाळांचे म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण ही शाळेची आवश्यक बाब म्हणून नमूद आहे. वाचकांनी आपापल्या शहरात फेरफटका मारावा आणि दुकानांच्या वरच्या मजल्यांवर भरणाऱ्या शाळांची क्रीडांगणे शोधावीत. सापडली तर मला कळवावे.

या सगळ्यात कबड्डीचे उदाहरण मोठे बोलके आहे. हरवलेल्या खेळांच्या यादीत कबड्डी नसते. का? कारण २०१४ साली तिची लीग सुरू झाली, खेळाडूंवर बोली लागू लागली, दूरचित्रवाणीवर तिला जागा मिळाली. खेळाडूंना पैसा मिळाला याचा मला आनंदच आहे. मातीत खरचटून घेतलेल्या पोरांचे ते ऋण होते. परंतु जो खेळ विकता येतो तो जगतो आणि जो विकता येत नाही तो 'हरवतो', हे सूत्र लक्षात घेतल्यावाचून ही गोष्ट पुरी होत नाही.

जमीन हातची जात असताना आम्हाला घरात बसून जो खेळ देण्यात आला, त्याची कथा तर विलक्षण आहे. 'व्यापार' किंवा 'बिझनेस' हा पुठ्ठ्यावरचा खेळ मध्यमवर्गीय घराघरांत होता आणि स्मरणरंजनकारांचा तो विशेष लाडका. खोट्या नोटा घ्यायच्या, फासे टाकायचे, मुंबई, दिल्ली, कलकत्ता विकत घ्यायचे, त्यांवर घरे बांधायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून भाडे उकळायचे. सगळे दिवाळखोर झाले आणि एकच उरला की खेळ संपला. या खेळाचे मूळ अमेरिकेत आहे. एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ साली 'जमीनदाराचा खेळ' या अर्थाच्या नावाने त्याचे पेटंट घेतले. त्या हेन्री जॉर्जच्या विचारांच्या पुरस्कर्त्या. जमिनीच्या मक्तेदारीतून समाज कसा भिकेला लागतो हे लोकांना खेळता खेळता कळावे हा त्यांचा उद्देश. पुढे १९३५ साली एका कंपनीने हाच खेळ 'मोनोपॉली' या नावाने दुसऱ्याच गृहस्थाच्या नावावर बाजारात आणला, आणि मॅगीबाईंचे पेटंट पाचशे डॉलरना विकत घेऊन टाकले. उपदेश वगळण्यात आला, भाडे ठेवण्यात आले. जमीनदारीविरुद्ध धडा देण्यासाठी रचलेला खेळ आमच्यापर्यंत पोहोचला तो जमीनदारीचे प्रशिक्षण म्हणून. आणि शेजारी खरी जमीन हातोहात जात असताना आम्ही सतरंजीवर बसून कागदी मुंबई विकत घेत होतो.

परंतु 'आम्ही' म्हणजे कोण? इथे मला स्वतःलाही पिंजऱ्यात उभे करणे भाग आहे.

आमच्या चाळीच्या तळमजल्यावर एक खानावळ होती. गावाकडे बिऱ्हाड ठेवून मुंबईत एकट्याने राहणारे गिरणी कामगार तिथे जेवत. काहींचे डबे पाळीच्या वेळेवर पोहोचवावे लागत. ते डबे खानावळवाल्या बाईंची आठ-नऊ वर्षांची मुलगी पोहोचवी. दुपारच्या भोंग्यानंतर ती रिकामे डबे घेऊन परते, मग धाकट्या भावाला कडेवर घेऊन पटांगणाच्या कडेला येऊन उभी राही. आमची लगोरी रंगात आलेली असे. ती खेळ बघे. चेंडू तिच्याकडे गेला तर उचलून नेमका फेकी. तिची नेम धरण्याची ताकद आमच्यातल्या कोणाहूनही सरस होती. एवढ्या वर्षांत आमच्यापैकी एकानेही तिला 'खेळतेस का?' असे विचारले नाही. आम्ही शेंबड्या पोरांना लिंबूटिंबू म्हणून घेत होतो. तिला तेही नाही. माझ्या 'रम्य बालपणा'च्या छायाचित्रात ती चौकटीच्या बाहेर उभी आहे, आणि मी असा एकही पुरवणी-लेख वाचलेला नाही ज्यात तिला चौकटीत घेतले आहे.

मुलींचे खेळ वेगळे होते असे यावर उत्तर मिळेल. होते खरे. सागरगोटे, भातुकली, काचापाणी. जरा निरखून पाहा: हे सर्व बसून खेळायचे खेळ. मैदान मुलग्यांचे, उंबरठा मुलींचा. फुगडी, झिम्मा यांत पाय मोकळे होत, तेही सणावाराच्या परवानगीने. भातुकलीतल्या चुलीवरून उठून खऱ्या चुलीपुढे बसायला किती अवधी मिळे? रमाबाई रानड्यांचे लग्न १८७३ साली झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाची मर्यादा चौदावर नेली, तीही कागदावर. त्या चिमुकल्या बोळक्यांचे कौतुक करणाऱ्याने निदान एवढे विचारावे की भाऊ सूरपारंब्या खेळत असताना बहिणीच्या हाती खेळणे म्हणून पोळपाट-लाटणेच का आले.

आणि ज्यांच्या हाती तेवढेही आले नाही त्यांचे काय? 'बलुतं', 'उपरा', 'उचल्या' ही आत्मकथने १९७८ ते १९८७ या दशकात आली तेव्हा मराठी मध्यमवर्गाला प्रथमच कळले की या भाषेत बालपण नावाची गोष्ट भुकेच्या मापानेही मोजावी लागते. ती पुस्तके वाचून झाली, त्यांना पुरस्कार मिळाले, आणि पुरवण्यांतले बालपण पुन्हा अंगणात आणि आजोळी जाऊन बसले. आजही दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या उन्हाळा लागता परततात. उचल नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. तिला 'कोयता' म्हणतात, माणसाला हत्याराचे नाव! त्यांची मुले पाचटाच्या कोपीत राहतात. मोठे मूल लहान मुलाला सांभाळते. त्या मुलांचे खेळ कोणी हिरावले नाहीत, कारण ते त्यांच्या हातात कधी पडलेच नव्हते.

वेळेचा प्रश्न इथे येतो. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करारनामा १९८९ साली झाला. त्याच्या ३१ व्या कलमात विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क मान्य केलेला आहे आणि डिसेंबर १९९२ मध्ये भारताने तो स्वीकारला. बालमजुरीचा आपला कायदा १९८६ चा. २०१६ साली त्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली, हे ठीकच झाले; परंतु धोकादायक नसलेल्या कौटुंबिक व्यवसायात मुलाने मदत करण्यास मुभा ठेवण्यात आली. केव्हा? शाळा सुटल्यानंतर, आणि सुटीत. वाचकांनी हे दोन शब्दप्रयोग पुन्हा वाचावेत. शाळा सुटल्यानंतर, आणि सुटीत. 'आमच्या वेळी' आम्ही केव्हा खेळत होतो? खेळाचा जेवढा म्हणून वेळ असतो तेवढा सगळा कायद्याने मोजून श्रमाच्या पदरात टाकला. विडी, जरी, पापड, शिवणकाम यांचे काम घरी आणून करणाऱ्या वस्त्यांत 'कौटुंबिक व्यवसाय' म्हणजे काय हे तिथे जाऊन पाहावे. त्या दुरुस्तीच्या वर्षी विटी-दांडूवर किती लेख आले असतील? त्यांतील एकातही या कलमाचा निषेध माझ्या वाचनात आला नाही.

खेळण्यांविषयी सरकारला अलीकडे प्रेमाचे भरते आले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के. देशी खेळणी बनवा, असे आवाहन झाले. देशी कारागीर जगावा याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि भातुकली रंगवणारे हात टिकले पाहिजेत. पण शुल्काची भिंत उभारून प्लॅस्टिकचा देशी कारखानदार जगतो, की चितारी? शहरांतल्या प्रदर्शनांत आता भोवरा कापडी पिशवीत घालून, 'वारसा' अशी चिठ्ठी लावून, भल्या किमतीला विकला जातो. घेणारे तो काचेच्या कपाटात ठेवतात. त्या किमतीतला कातणाऱ्याचा वाटा किती, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. स्मरणरंजनाचा शेवट अखेर दुकानात होतो.

मोबाईल निर्दोष आहे असे कोणी माझ्या तोंडी घालू नये. मुलाची नजर खिळवून ठेवण्यासाठी कंपन्या बुद्धिमान माणसे पदरी बाळगतात आणि त्या नजरेचा व्यापार करतात. परंतु आई-बाप दोघेही कामावर, बाहेर गाड्यांनी भरलेला रस्ता, आणि खोलीला कडी, अशा स्थितीतल्या मुलाने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे? मैदान काढून घेतल्यावर हाती दिलेले हे गाजर आहे. गाजर खाल्ले म्हणून मुलाला शिव्या घालणे हा भेकडपणा झाला.

दुसरी वाट नव्हती असेही नाही. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात शाळांमध्ये प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. अरविंद गुप्ता नावाचे एक अभियंता तिथे गेले आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांतून त्यांनी भूमितीची खेळणी केली. पुढे पुण्यात त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी केली आणि कृती सर्वांना फुकट खुल्या ठेवल्या. गरिबाच्या पोराने मोडावे, पुन्हा जोडावे, त्यातून शिकावे, हा त्यामागचा विचार. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. होशंगाबादचा मूळ उपक्रम मात्र शासनाने २००२ मध्येच बंद करून टाकला होता. गौरव माणसाचा, गळचेपी कामाची, ही आपली जुनीच रीत.

तेव्हा ज्यांना विटी-दांडूचा खरोखरच कळवळा आहे त्यांनी या मे महिन्यात लेखाऐवजी माहितीचा अर्ज लिहावा. आपल्या प्रभागात विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी राखीव असलेले भूखंड किती, त्यांपैकी ताब्यात किती, किती कोणत्या संस्थेला 'देखभालीसाठी' दिले, आणि तिथे आत जायला पैसे पडतात काय, एवढे चार प्रश्न. २०१६ ची ती सवलत रद्द करा, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे लावून धरावी. साखर कारखान्याच्या फडाशेजारी शाळा आणि खेळायची जागा असल्यावाचून गाळपाचा परवाना देऊ नये, असा ठराव करून घ्यावा. यात काव्य नाही, हे मान्य.

गेल्या महिन्यात मी आमच्या जुन्या वाडीत गेलो होतो. पटांगण डांबरी झाले आहे आणि त्यावर तीन रांगांत मोटारी उभ्या असतात. दोन रांगांमधल्या चिंचोळ्या पट्टीत सात-आठ पोरे प्लॅस्टिकच्या चेंडूने क्रिकेट खेळत होती; त्यांत दोन मुली होत्या आणि एकीची फलंदाजी चालू होती. मी नियम विचारले. सरळ मारायचे, उंच मारले तर आऊट, गाडीला लागला तर आऊट. आणि त्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या गाडीला लागला तर? "मग खेळच बंद, आजोबा," ती म्हणाली. "ते काका बॉल ठेवून घेतात."